आवाज येतो, शब्द कळत नाहीत

अण्णांची तक्रार एका वाक्याची होती. "गाडीत आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत."

गाडी म्हणजे माझी सेकंड-हँड हॅचबॅक. पुण्यात नोकरी लागल्यावर घेतली आणि वर्क फ्रॉम होम मिळालं तसा तिला घेऊन दौलताबादला परत आलो. अण्णा किल्ल्याच्या पायथ्याशी रस्त्याकडेला सीताफळं विकतात, थंडीत पेरू. हंगामात आठवड्यातून दोनदा आम्ही दोघं सकाळी माल आणायला जातो. जाताना फोनवरून कीर्तन लावायचं हा अण्णांचा नियम. मागच्या दिवाळीच्या आधी त्यांनी आवाज वाढवा, अजून वाढवा असं सुरू केलं. दाराची पॅनल्स थरथरायला लागली तरी त्यांचं समाधान होईना.

मी इंजिनिअर. तक्रार आली, उपाय ठरवला: कंपनी फिटिंगचे स्पीकर हलके असतात, बदलून टाकू. प्रश्न एवढाच उरला की कोणाकडून? दौलताबादहून शहर पंधरा-एक किलोमीटर. तिथे कार अ‍ॅक्सेसरीजची दुकानं भरपूर, आणि प्रत्येकाला साडेचार स्टार. मी तीन दुकानं फिरलो. हा लेख त्या तीन दुकानांबद्दल आहे, पण खरं तर चौथ्या माणसाबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल आहे. दुकानदार प्रामाणिक आहे का हे शोधायला निघालेलो मी, स्वतः किती प्रामाणिक गिऱ्हाईक होतो?

पहिलं दुकान चकाचक होतं. आत शिरताच मुलाने डेमो बोर्डवर एक गाणं लावलं आणि छातीत ठोके बसले. "सर, हजार वॅट." मग एक स्टिरिओ दाखवला. बॉक्सवर 50 गुणिले 4, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी पन्नास वॅट. इथे मला कॉलेजचं थोडं आठवलं. गाडीचं इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट असतात. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर तेवढ्या व्होल्टवर 4 ओमच्या स्पीकरला सलग देता येणारी ताकद गणिताने पंचवीसेक वॅटला थांबते. पन्नास हा क्षणभराचा कमाल आकडा. सलग चालणारा आकडा आरएमएस म्हणून लहान अक्षरात छापलेला असतो, किंवा नसतोच. आणि वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने फक्त 3 डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते.

मी हे बोललो तर तो मुलगा हसून म्हणाला, "सर, एवढं कोणी विचारत नाही." तो खोटं बोलत नव्हता. कोणी विचारत नाही, म्हणून तो सांगत नाही. ऐकता काय, गाडी कोण वापरतं, हे त्यानेही विचारलं नाही. कोटेशन झालं 31,000.

दुसरं दुकान स्वस्त. तिथे एका गाडीचं काम चालू होतं म्हणून मी बघत उभा राहिलो. कंपनीची वायर कापली, नवी पिळून जोडली, वरून काळी टेप. कपलर लावून न कापता जोडता येतं, पण कपलरला पैसे लागतात. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डमागे त्या टेपचा गोंद किती दिवस टिकेल याचा अंदाज कोणीही बांधावा. अ‍ॅम्प्लिफायरची जाड वायर बॅटरीवरून थेट आत नेलेली होती. बॅटरीपासून हातभर अंतरात फ्यूज हवा, म्हणजे वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लागण्याआधी फ्यूज उडेल. तो मला दिसला नाही. वायर तरी तांब्याची होती की तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची? दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. अ‍ॅल्युमिनियमची त्याच जाडीत जास्त तापते.

त्या गाडीचा मालक बाहेर खुर्चीवर रील्स बघत बसला होता. काम झालं, त्याने गाणं लावलं, खूश झाला, पाच स्टार दिले. माझ्यासमोर दिले. त्या क्षणी मला रेटिंगचा अर्थ कळला. त्याने ऐकू आलं त्याला स्टार दिले होते. डॅशबोर्डमागे काय झालं ते त्याला दिसलं नव्हतं आणि बहुधा कधी दिसणारही नाही.

अर्थशास्त्रात याला एक जागा आहे. काही वस्तू बघून कळतात. शर्टाचा रंग, खुर्चीची उंची. काही वापरून कळतात. अण्णांचं सीताफळ त्यातलं, फोडल्याशिवाय आतलं दिसत नाही. आणि तिसरा प्रकार वापरूनही न कळणाऱ्यांचा. 1973 मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी या तिसऱ्या प्रकाराकडे लक्ष वेधलं. त्यांना आपण भरवशाच्या वस्तू म्हणू. दुरुस्ती हे त्याचं ठळक उदाहरण. मेकॅनिकने पार्ट बदलला, गाडी सुरू झाली, पण पार्ट बदलायची गरज होती का, हे तुम्हाला कोण सांगणार? तोच मेकॅनिक. डॉक्टर, वकील, कार ऑडिओवाला आणि सॉफ्टवेअरवाला हे सगळे याच रांगेत उभे आहेत.

सॉफ्टवेअरवाला मुद्दाम लिहिलं. दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या रिपोर्टमध्ये बेरीज चुकत होती. कारण शोधायला दोन दिवस लागले असते आणि स्प्रिंट संपायला चार तास होते. मी त्या एका केससाठी आकडा जुळवून देणारी अट कोडमध्ये टाकली आणि तिकिटावर 'फिक्स्ड' लिहिलं. क्लायंटने आभाराचा मेल पाठवला. तो माझा पाच स्टारचा रिव्ह्यू. डॅशबोर्डमागची माझी काळी टेप अजून तिथेच असेल. म्हणून दुसऱ्या दुकानावर मला फार चिडता आलं नाही.

तिसऱ्या दुकानात मी ठरवून गेलो नव्हतो. माल उतरवून परत येताना अण्णा गाडीत होते आणि रस्त्यात एक जुनी, अंधारी गाळ्यासारखी जागा दिसली. फळीवर उघडे पडलेले टेप, कोपऱ्यात सोल्डरिंग गन. मालक साठीचे. दुकानातली पोरं त्यांना चाचा म्हणत होती, मीही म्हणालो.

चाचांचा पहिला प्रश्न होता, "ऐकता काय?"

"कीर्तन," अण्णा म्हणाले. "बातम्या."

चाचा पुढच्या सीटवर बसले, दारं बंद केली, इंजिन बंद केलं. एका स्पीकरवर आवाज नेला, मग दुसऱ्या, मग मागच्या. दारावर बोटाने टकटक केली. "दरवाजा पोकळ आहे," म्हणाले. बहुतेक छोट्या गाड्यांच्या दारात आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात आणि त्यावर नुसता प्लास्टिकचा कागद. स्पीकरच्या पाठीमागून निघालेला आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि समोरच्या आवाजाला मारतो. जाड आवाज त्यानेच हरवतो. पत्रा थरथरतो तो वेगळाच. "पहले दरवाजा बंद करो, फिर स्पीकर बदलो," चाचा म्हणाले. दारात डॅम्पिंग शीट चिकटवायची, भोकं बुजवायची, मग पुढे साध्या चांगल्या स्पीकरची एक जोडी. अ‍ॅम्प्लिफायर नको, स्टिरिओ आहे तोच राहू द्या.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी, दिवसभर डिबगिंग करणारा माणूस, करायला हवी होती. रेडिओवर बातम्या लावल्या, आवाज मध्यम ठेवला आणि दोन मिनिटांनी बंद करून मला विचारलं, "काय म्हणाली बाई?" मी सांगितलं. मग अण्णांना विचारलं. अण्णांनी अर्धं सांगितलं, अर्धं जुळवलं.

"गाडी तीच, स्पीकर तेच," चाचा हळू आवाजात मला म्हणाले. "तुम्हाला ऐकू येतंय. आधी काकांचे कान दाखवा. स्पीकर कुठं पळून जात नाहीत."

चाळीस मिनिटं गेली होती. त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर शीट किती लागेल, स्पीकरचा साइज काय, कोणत्या कंपनीचं कोणतं मॉडेल, कपलर कोणता, सगळं लिहून दिलं. पैसे विचारले तर हात हलवला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री केली. दोन्ही कानांचा आलेख डावीकडे बरा होता आणि उजवीकडे घसरत गेला होता. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यांत जोर असतो, म्हणून आवाज येतो. पण स, श, फ, त यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळातच क्षीण असतात, आणि शब्द ओळखू येतो तो त्यांच्यामुळे. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. अण्णांनी अगदी नेमकं वर्णन केलं होतं. मी ते गाडीबद्दल समजलो.

पहिल्या दुकानाचे हजार वॅट घेतले असते तर अण्णांना तेच न कळणारे शब्द जास्त मोठ्याने ऐकू आले असते, आणि उरलेले कानही ताणले गेले असते. 31,000 रुपये वाचले. त्यात भर घालून अण्णांना श्रवणयंत्रं घेतली.

इथे गोष्ट संपवली असती तर ती 'प्रामाणिक दुकानदार भेटला' अशी गोड गोष्ट झाली असती. पण त्या रात्री मी काय केलं ते सांगायचं राहिलंय.

मी चाचांच्या चिठोऱ्याचा फोटो काढला आणि एकेक ओळ ऑनलाइन शोधली. तेच स्पीकर, त्याच शीट्स, तोच कपलर. गावातल्या गॅरेजवाल्या मित्राकडून बसवून घेतलं तर चाचांनी सांगितलेल्या किमतीपेक्षा सगळं मिळून 1,900 रुपये कमी. सगळं कार्टमध्ये टाकलं. मनात एकच विचार होता, स्मार्ट काम झालं.

सकाळी अण्णांच्या गाड्यावर बसलो होतो. सहलीची बस आली. एका कुटुंबाला अण्णांनी एका सीताफळाचे डोळे दाखवले. डोळ्यांच्या मधल्या रेघा पांढुरक्या होऊन उघडल्या की फळ झाडावर तयार झालंय, घट्ट असताना तोडलेलं असेल तर ते पिकत नाही, नुसतं काळं पडतं. अण्णांनी एक फळ फोडून सगळ्यांना चव दिली, कसं निवडायचं ते शिकवलं. ती मंडळी "वा, मस्त" म्हणाली आणि चार गाडे पुढे जाऊन, अण्णांनी शिकवलेल्या डोळ्यांनी, दहा रुपये कमी भावात दोन किलो घेऊन आली.

"चव आपल्या फळाची, पैसे पुढच्या गाड्याला," अण्णा हसत म्हणाले. त्यांना माझ्या कार्टबद्दल काही माहीत नव्हतं.

मला राग आला होता. त्या कुटुंबाचा. आणि मग खिशातला फोन जड झाला.

आता माझ्यातला वकील उभा राहिला, कारण तो उभा राहतोच. भाव बघणं गुन्हा आहे का? नाही. चाचांनी सल्ला मी न मागता दिला, करार काही झाला नव्हता. दुकानदाराचं मार्जिन ही काही देणगी नव्हे. ज्याच्याकडे खरोखर 1,900 रुपये नाहीत त्याने महाग घ्यावं असं सांगायला मी कोण? हे सगळे मुद्दे मला आजही खरे वाटतात. पण त्यातला एकही माझा मुद्दा नव्हता. माझ्याकडे 1,900 रुपये होते.

माझ्या मते रेघ इथे आहे. वस्तू सगळीकडे सारखी असेल तर जिथे स्वस्त तिथे घ्या, कोणाचं काही घेणं लागत नाही. पण मी चाचांकडून वस्तूच्या आधी निर्णय घेतला होता. काय घ्यायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, काय घ्यायचं नाही. त्या निर्णयाची किंमत बिलात वेगळी लिहिलेली नसते. ती स्पीकरच्या मार्जिनमध्ये लपलेली असते. मी निर्णय ठेवून घेतला आणि तो ज्यावर जगतो ते मार्जिन दुसऱ्याला दिलं. चव चाचांची, पैसे पुढच्या गाड्याला.

यातून पुढे काय होतं, तेही अर्थशास्त्राने पाहिलंय. 1970 मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकन बोलीत फसवी निघालेल्या गाडीला लेमन म्हणतात, तोच निबंधाचा विषय. गिऱ्हाइकाला चांगली आणि फसवी गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजार सोडतो, आणि मागे लेमन उरतात. 2001 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते. मला त्यात एक ओळ जोडाविशी वाटते. प्रामाणिक माणूस बाजार सोडतो तो फक्त गिऱ्हाइकाला त्याची ओळख पटत नाही म्हणून नाही. कधी कधी ओळख पटलेली असते. गिऱ्हाईक त्याच्याकडे चाळीस मिनिटं बसतो आणि पैसे देताना उठून जातो. पहिलं दुकान हजार वॅट ओरडून विकतं कारण ओरडणं फुकट ऐकून कोणी पळून जाऊ शकत नाही, सल्ला घेऊन पळता येतं. चाचांसारखी दुकानं का उरली नाहीत असं आपण विचारतो, तेव्हा एक उत्तर आपल्या कार्टमध्ये असतं.

मी कार्ट रिकामं केलं आणि चाचांकडे गेलो. खरं सांगितलं की तुमची यादी घेऊन ऑनलाइन भाव काढले होते. ते दुखावले नाहीत. "सगळे काढतात," म्हणाले, "तुम्ही सांगितलंत एवढंच." मी विचारलं, तुम्ही बघण्याचे वेगळे पैसे का घेत नाही, डॉक्टरसारखे? ते म्हणाले, बोर्ड लावून पाहिला होता, महिनाभर कोणी आत आलं नाही. काम त्यांनी माझ्यासमोर केलं. दाराचं पॅनल उघडून शीट रोलरने दाबून बसवली, एकही वायर कापली नाही, आणि झाकण्याआधी मला बोलावून म्हणाले, "बघून घ्या, नंतर दिसणार नाही."

ते वाक्य मी कामाच्या लॅपटॉपवर लिहून ठेवलंय. त्या जुन्या क्लायंटच्या कोडवर नवं तिकीट उघडलं, स्वतःहून. मॅनेजर खूश नव्हता.

मग मी चांगला माणूस झालो का? इथे इमॅन्युएल कांट अडवतो. 1785 च्या त्याच्या एका पुस्तकात एक दुकानदार येतो. तो अननुभवी गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही, लहान मूलसुद्धा त्याच्याकडून इतरांसारखंच विकत घेऊ शकतं. पण कांट म्हणतो, थांबा. धंदा टिकावा म्हणून तो असं वागत असेल तर त्याचं वागणं बरोबर आहे, त्यात नैतिक मोल मात्र नाही. हा निकष चाचांना लावायला निघालो आणि तो आधी मलाच लागला. गाडीचं पुढे काही बिघडलं तर मी चाचांकडेच जाणार, ते मला ओळखतील, नीट काम करतील. माझे 1,900 रुपये हे ऋण होतं की गुंतवणूक, मला नक्की सांगता येत नाही. दोन्ही असावं. मला त्याची फार लाजही वाटत नाही. पुन्हा भेट होणार आहे या जाणिवेवर जगातला बराच प्रामाणिकपणा उभा आहे, आणि तो काही वाईट पाया नाही.

फक्त अण्णा त्यात बसत नाहीत. किल्ला बघायला आलेला माणूस वेरूळला जातो आणि आयुष्यात परत येत नाही. त्याला कच्चं फळ दिलं तर ते कळेपर्यंत तो नाशिकला पोचलेला असतो. त्याचा रिव्ह्यू नाही, त्याची पुन्हा भेट नाही. तरीही अण्णा प्रत्येकाला पिशवीतली फळं दोन भागांत करून देतात, ही आज खा, ही परवा.

मी त्यांना विचारलं, कानात यंत्रं होती म्हणून पहिल्यांदाच ऐकू आलं. "अण्णा, तो माणूस परत थोडाच येणारे? कामून एवढं सांगता?"

त्यांना प्रश्न कळला, पण त्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

"कामून म्हंजे? कच्चं खाल्लं तर तोंड खराब होतंय ना त्याचं."